कुलूपबंद खोलीतला कोबाल्ट

विद्यापीठाच्या आवारातली सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे फाटकावरचा रखवालदार येतो, जिन्यातलं अग्निशामक येतं, रॅगिंगविरोधी फलक येतो. ते सगळं हवंच. पण आज मला बोलायचं आहे ते संस्थेच्या विस्मरणातून तयार होणाऱ्या धोक्याबद्दल.

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं गॅमासेल नावाचं यंत्र होतं. शिशाच्या जाड कवचात कोबाल्ट-60 च्या कांड्या. त्यांच्या गॅमा किरणांनी पदार्थात काय बदल होतात, ते तिथे अभ्यासलं जाई. 1985 पासून हे यंत्र पडून होतं. मधल्या पंचवीस वर्षांत माणसं बदलली, यंत्र तिथेच राहिलं, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये भंगार म्हणून त्याचा लिलाव झाला. ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोचलं. तिथल्या कामगारांनी ते उघड्या हातांनी फोडलं. शिशाला भाव असतो, आणि आत काय आहे हे सांगणारं कुणी नव्हतं.

एप्रिलमध्ये माणसं आजारी पडू लागली. कातडी काळवंडली, केस गळले. किरणोत्साराची शंका डॉक्टरांना आली, तेव्हा मुंबईहून अणुऊर्जा नियामक मंडळाची यंत्रणा हलली. भाभा अणुसंशोधन केंद्राचे तज्ज्ञ मापकं घेऊन दुकानं पालथी घालू लागले. हे आलं कुठून, याचा उलगडा व्हायला एप्रिल संपत आला. 26 एप्रिलला आजारी पडलेल्यांतला एक जण दगावला.

कोबाल्ट-60 ची तीव्रता दर सव्वापाच वर्षांनी निम्मी होते. हिशेब करून पाहा. यंत्र आणलं तेव्हापासूनच्या सुमारे चाळीस वर्षांत मूळच्या तीव्रतेचा जेमतेम दोनशेवा भाग उरतो. तेवढ्यानं माणूस मेला. जुनं झालं म्हणजे निरुपद्रवी झालं, ही आपली समजूत किती घातक आहे पाहा!

नियम नव्हता म्हणावं, तर तसंही नाही. किरणोत्सारापासून संरक्षणाचे 2004 चे नियम लागू होते; मंडळाच्या परवानगीशिवाय असा स्रोत मोडीत काढता येत नाही. मग निर्लेखनाच्या कागदावर सही करणाऱ्यालाच दोष द्यायचा का? मला ते अपुरं वाटतं. जडवस्तू संग्रह नोंदवहीत यंत्राचं नाव असतं, खरेदीचं साल असतं, किंमत असते. ते माणसाला मारू शकतं की नाही, यासाठी रकाना कुठे असतो? लेखा विभागाच्या दृष्टीनं लाकडी कपाट आणि किरणोत्सारी यंत्र एकाच वहीतल्या दोन ओळी. हा दोष एका कारकुनाचा नाही, तो संस्थेच्या रचनेत आहे, आणि म्हणून मला तो अधिक गंभीर वाटतो.

आपल्याकडच्या किती महाविद्यालयांत कोबाल्ट असेल? फार थोड्या. पण रसायनांचं भांडार सगळीकडे असतं. तिथे मागच्या फळीवर पिक्रिक आम्लाची बाटली असते. ते पाण्यात भिजलेलं ठेवायचं असतं. सुकलं की धक्क्यानं वा घर्षणानं फुटू शकतं. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइडं साचतात, त्यांचीही तीच गत. फुटक्या दाबमापकातला पारा फरशीच्या फटींत असतो. या गोष्टी ज्याला ठाऊक असतात तो बहुधा एकच माणूस असतो, आणि तोही एक दिवस निवृत्त होतो.

निवृत्तीच्या वेळी ग्रंथालयाकडून, भांडाराकडून ना-देय प्रमाणपत्र घ्यावं लागतं. एखादं पुस्तक परत करायचं राहिलं तरी कागद अडतो. त्याच कागदावर माझी एक मागणी आहे : आपल्या ताब्यातल्या घातक वस्तू कोणत्या, त्या कुठे आहेत आणि त्यांची जबाबदारी आता कुणाकडे दिली, हे लिहावं, घेणाऱ्यानं प्रत्यक्ष पाहून सही करावी. शाळेत 1 जून ही जन्मतारीख लावली गेलेले कितीतरी प्राध्यापक येत्या 31 मेला निवृत्त होतील. त्यांतले काही या सभागृहातही बसले असतील. सर, मॅडम, निरोप समारंभाच्या आधी एक सकाळ काढा, आपल्या जागी येणाऱ्याला भांडारात घेऊन जा आणि त्याला मागची फळी दाखवा.