उपचारकाचा तास

(भिवंडी येथे व्यवसायोपचाराचे विद्यार्थी व उपचारक यांच्यापुढे केलेले भाषण)



मनःस्वास्थ्यावर बोलण्यासाठी आपण अर्थशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकाला बोलावलेत, यात मला विसंगती वाटत नाही. हा प्रश्न जितका मनाचा, तितकाच श्रमाच्या हिशेबाचा आहे.

भिवंडीत श्रमाचे माप यंत्रमाग ठरवतो. विणकराकडे चारांऐवजी सहा माग सोपवले की त्याच पाळीत अधिक कापड निघते. (विणकराचे काय होते, ते त्याचे कान आणि त्याची कंबर सांगतात.) आपल्या तासाला ही युक्ती लागू पडत नाही. पट्ट्यात सापडून जायबंदी झालेल्या हाताला पुन्हा घास उचलायला, बटण लावायला शिकवायचे, तर लागणारा वेळ लागतोच. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली संगीत-नाटकाच्या संदर्भात हेच दाखवले: चौघांनी वाजवायची रचना दोघांकडून वाजवून घेता येत नाही. इतरत्र उत्पादकता वाढते, तसे असे काम तुलनेने महाग होत जाते. मग व्यवस्थापन ते स्वस्त करू पाहते. रुग्ण वाढवले जातात, पदे रिक्त ठेवली जातात, शिकाऊ मुलांवर पूर्ण वेळेचा भार टाकला जातो. बचत ताळेबंदात दिसते. उपचारकाची गेलेली झोप कोणत्याच वहीत चढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ हा आजार मानलेला नाही. कामाशी निगडित घटना म्हणून त्याची नोंद आहे. कारण कामाच्या जागी असेल, तर उपाय केवळ कामगाराच्या अंगावर ढकलता येणार नाही. प्राणायाम, फिरणे, मित्राजवळ मन मोकळे करणे हे सारे अवश्य करावे. पण बरा केलेला हात पुन्हा त्याच उघड्या पट्ट्याकडे परत जाताना जी विद्यार्थिनी पाहते, तिचा सल दीर्घ श्वासाने जात नाही.

आपल्या शास्त्राला हे परके नाही. ॲडॉल्फ मायर यांनी १९२२ साली काम, खेळ, विश्रांती आणि झोप यांच्या तोलावर हे शास्त्र उभे केले. शिकागोच्या कामगारांनी १८८६ साली आठ तासांची मागणी केली, ती वेगळी काय होती? कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातले पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले आणि १९५२ साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. म्हणजे संघटित होणेही आपल्याला नवे नाही.

तेव्हा मागण्या नेमक्या असाव्यात. एका उपचारकामागे रुग्ण किती, याची मर्यादा लेखी हवी. कठीण रुग्णांविषयी ज्येष्ठांशी बोलण्याचा आठवड्यातला तास पगारी हवा, आणि विद्यार्थ्यांना तो वेळापत्रकातच हवा. ज्याला आजच असह्य होते आहे, त्याने मात्र ठरावाची वाट पाहू नये. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते.