पडवीतला पंखा

ह्यूस्टनमध्ये आपण ज्याला पॅटिओ म्हणतो, ती माझ्या लेखी पडवीच. उन्हाळ्याच्या संध्याकाळी तिथे पंख्याशिवाय बसवत नाही. वाऱ्यापुढे डासांचं फारसं चालत नाही, हा खरा फायदा, गारवा नंतर.

आमचा पहिला पंखा घरात लावायचा होता, सेलमध्ये मिळाला म्हणून मी बाहेर टांगला. दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची पाती दमट हवेने फुगून केळीच्या पानांसारखी खाली लोंबली. तेव्हा डब्यावरचं वाचायला शिकलो. ‘डॅम्प’ लिहिलं असेल तर वर छप्पर हवं. ‘वेट’ असेल तर थेट पाऊस लागला तरी चालतं. कोकणातल्यासारखा इथलाही पाऊस तिरपा येतो, म्हणून छपराच्या कडेच्या दिव्यांसाठी मी ‘वेट’च घेतो.

मग स्मार्टपणाचं वेड. आधी स्मार्ट बल्ब आणले. तेवढ्यात आई नाशिकहून आली. निजण्यापूर्वी घरभर फिरून दिवे मालवायची तिची जन्माची सवय. ती भिंतीवरचं बटण बंद करी, बल्बची वीजच तुटे, आणि दुसऱ्या संध्याकाळी मी अंधारात फोनवर बोट आपटत बसे. ‘अरे, बटण दाबलं की दिवा लागावा, एवढंच ना?’ आई म्हणाली. तिचं बरोबर होतं. अक्कल बल्बात नको, भिंतीतल्या स्विचमध्ये हवी. मग बटणानेही दिवा लागतो, फोननेही.

स्विच बदलायचा तर आधी ब्रेकर पाडा, टेस्टर लावून बघा आणि न्यूट्रल तार शोधा. बहुतेक स्मार्ट स्विचना स्वतः जागं राहायला ती लागते. अमेरिकेच्या वायरिंग संहितेत स्विचच्या डब्यात न्यूट्रल असावी हा नियम २०११ च्या आवृत्तीत आला. त्याआधीच्या घरांत ती असेलच असं नाही. आमच्याकडे नव्हती. इलेक्ट्रिशियन बोलवावा लागला, आणि त्याचं बिल पंख्यापेक्षा मोठं निघालं.

आणखी एक, कळकळीने सांगतो: दिव्याचा डिमर पंख्याला लावू नका. मी लावला, पंखा घुमत राहिला आणि मोटर तापली. पंख्यासाठी वेगळा कंट्रोल मिळतो. साखळीचा पंखा असेल तर साखळी सर्वांत जास्त वेगावर ठेवून वेग भिंतीवरून बदलायचा. रिमोटच्या पंख्याला मात्र तो कंट्रोलही लावायचा नाही. त्याच्यासाठी रिमोटची नक्कल करणारा ब्रिज घ्यायचा.

रिमोटवरून आठवलं. आमच्या जुन्या रिमोटच्या पोटात चार बारीक खटके होते, म्हणजे जुळण्या फक्त १६. आम्ही आणि शेजारी, दोघांनीही ते कारखान्यातून आले तसेच ठेवलेले. मी पंखा लावला की त्यांचाही फिरे. महिनाभर त्यांना वाटत होतं, घरात भुताटकी आहे. मी खटके बदलले, पण कारण सांगितलं नाही.

दिव्यांना घड्याळाची वेळ देऊ नका, सूर्यास्त द्या. इथे तो जूनमध्ये साडेआठच्या आसपास, डिसेंबरात साडेपाचच्या. मी मात्र आई असताना दिवे सूर्यास्तानंतर १५ मिनिटांनी लागतील असं ठेवतो. दिवेलागणीला ती स्वतः पडवीत जाते, बटण दाबते आणि दिव्याला हात जोडते.