वेदना : पायांची राखणदार



मधुमेहाचे रुग्ण आम्हांस पुष्कळदा सांगतात, "पूर्वी पायांची आग होत असे; आता काहीच त्रास नाही." घरच्यांना हायसे वाटते, आम्हांस मात्र काळजी वाटते.

पायात काटा रुतला, की वेगवान तंतू ती वार्ता मज्जारज्जूकडे नेतात. तेथूनच स्नायूंना आज्ञा सुटते आणि वेदनेची जाणीव होण्यापूर्वी पाय उचलला जातो. मागाहून येणारी ठसठस बारीक तंतूंतून सेकंदाला सुमारे 1 मीटर एवढ्याच गतीने येते. पण दुखऱ्या पायावर भार न देण्याचे भान तीच देते.

या चेतापेशींचा मुख्य भाग पाठीच्या कण्याजवळ असतो. तेथून त्यांचे तंतू पायाच्या बोटांपर्यंत सुमारे 1 मीटर पसरतात. दीर्घकाळ वाढलेल्या साखरेने सर्वांत लांब तंतू प्रथम निकामी होतात. म्हणून बधिरता बोटांपासून वर चढते. मग चपलेतला खडा टोचत नाही, गरम पाण्याचा चटका कळत नाही आणि जखम चिघळल्यावरच ध्यानात येते. वेळ गेल्यास पाय कापण्याचा प्रसंग ओढवतो.

10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्यास टेकवून ही संवेदना काही मिनिटांत तपासता येते. प्रत्येक मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा तरी ही तपासणी करून घ्यावी आणि तळवे रोज पाहावेत. नजर पोहोचत नसल्यास आरसा धरावा. हरपलेली संवेदना सहसा परतत नाही. तिचे काम डोळ्यांनाच करावे लागते, अशी आमची कळकळीची विनंती आहे.