निद्रेतील पहारेकरी
(असीरगडाच्या पायथ्याशी महाजन-मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



ज्या गडाच्या छायेत आज आपण जमलो आहोत, त्याच्याशी अश्वत्थाम्याची कथा निगडित आहे. गडावरील गुप्तेश्वर महादेवाला पहाटे कोणीही येण्यापूर्वी अश्वत्थामा फूल वाहून जातो, अशी या पंचक्रोशीतील श्रद्धा. या चिरंजीवाचा अपराध कोणता? महाभारताच्या सौप्तिक पर्वात त्याने निद्रिस्त वीरांचा वध केला. निजलेल्यावर शस्त्र उगारणे हे महापातक ठरले, कारण निजलेला मनुष्य सर्वस्वी विश्वासावर विसंबलेला असतो. मनात प्रश्न येतो की, आपण निजल्यावर आपल्या देहात पहारा कोणाचा असतो? आजचा माझा विषय हाच आहे.

हृदय, आतडी, रक्तवाहिन्या यांचा कारभार स्वायत्त चेतासंस्था आपल्याला न विचारता चालविते. श्वास मात्र दोन धन्यांचा चाकर आहे. मनात आले तर तो आपण क्षणभर रोखू शकतो. विसरलो तरी तो थांबत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेत श्वासाची लय निर्माण करणारा चेतापेशींचा एक लहानसा पुंज आहे. जेफ्री स्मिथ, जॅक फेल्डमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली नवजात उंदरांच्या मेंदूत तो दाखवून दिला. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड वाढला की हा पहारेकरी श्वासाची गती वाढवितो. पुढे २०१७ साली उंदरांवरील प्रयोगांतूनच असे आढळले की, या पुंजातील थोड्या पेशी मेंदूच्या जागृतीच्या केंद्राला निरोप पाठवितात. त्या काढून टाकल्या असता उंदीर विलक्षण शांत झाले. श्वास आणि चित्त यांचा संबंध आपले पूर्वज सांगत आले, त्याची एक वाट अशी दिसू लागली आहे.

परंतु पूर्वजांनी सांगितले म्हणून ते तपासायचे नाही, असे न मानणारा एक थोर पुरुष याच खानदेशात काही काळ वावरला. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, हे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. माधवदासजी महाराजांकडून त्यांनी योगविद्या घेतली आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान आणि नौली करताना पोटात काय घडते, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने पाहिले. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, ही समजूत त्यांनी मापून पाहिली आणि ती टिकत नाही असे निर्भीडपणे सांगितले. निरोगी मनुष्याचे रक्त साध्या श्वासानेच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. प्राणायामाचे मोल त्यांनी अन्यत्र शोधले. चेतासंस्थेला लागणाऱ्या वळणात त्यांना ते दिसले. योगावर अपार प्रेम असलेल्या साधकाने योगाविषयीची एक लोकप्रिय समजूत स्वतःच मोडावी, यात केवढी सत्यनिष्ठा आहे!

याच मार्गाने पुढे वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी, हृदय थांबविण्याचा दावा करणाऱ्या योग्यांची परीक्षा घेतली. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात असे दिसते की, नाडी हाताला लागेनाशी झाली तरी विद्युत्-आलेखात हृदयाचे कार्य चालूच होते. श्वास रोखून आणि स्नायू आवळून हृदयाकडे परतणारे रक्त कमी केले गेले होते. चमत्कार उरला नाही. परंतु श्वासाच्या द्वारे स्वायत्त यंत्रणेपर्यंत पोहोचता येते, ही गोष्ट उरली आणि ती लहान नव्हे. श्वास घेताना आपली नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. मनगटावर बोटे ठेवून आपणही हे अनुभवू शकता.

आता घरातील गोष्ट. एखादी वडीलधारी व्यक्ती मोठ्याने घोरू लागली की, 'किती गाढ झोप लागली आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात. काहींचा श्वासमार्ग इतका मिटतो की दहा-दहा सेकंद आणि त्याहूनही अधिक काळ वारा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो, पहारेकरी मेंदूला हलवून जागा करतो, गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रीत असे अनेकदा घडते, आणि सकाळी त्या माणसाला त्यातले काही आठवतही नाही. दिवसा डुलक्या, सकाळी डोके जड, वाढता रक्तदाब ही त्याची चिन्हे. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवण्याचा उपाय दाखविला आणि असंख्य लोकांना स्वस्थ झोप लाभली. प्राणायाम अवश्य करावा. परंतु झोपेत श्वास अडत असेल तर केवळ त्यावर विसंबून वैद्यकीय तपासणी टाळू नये. कुवलयानंदांची शिकवण पाळायची तर मोजमापाला भिऊन चालणार नाही.

रुग्णाला स्वतःला हे कळत नाही, ते शेजारी निजलेल्याला कळते. म्हणून आज रात्री आपापल्या घरी, आई-वडिलांचा, पतीचा, पत्नीचा श्वास क्षणभर कान देऊन ऐका. तो मध्येच थांबत असेल, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे चला. निजलेल्याचा घात करणारा अश्वत्थामा शापित झाला. निजलेल्याची राखण करणे हा त्याच्या उलट जाणारा धर्म होय.

श्रींच्या कृपेने आपणा सर्वांना निर्वेध निद्रा लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.