बसून करता येणारं काम

(धाराशिव जिल्ह्यातील आरोग्य कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आपण रोज दुसऱ्यांच्या दुखण्यावर बोलतो. आज आपल्या गुडघ्यांवर, कमरेवर बोलू या. वाड्यावस्त्या पायी तुडवणाऱ्या कार्यकर्तीची कंबर धरते, पण ती सांगत नाही. सांगितलं तर काम जाईल ही भीती असते. गोळी घेऊन ती चालत राहते.

शरीर थकलं हे कबूल करणं म्हणजे हरणं, असं आपल्या मनावर ठसलेलं आहे. म्हणून डॉ. मेरी वर्गीस यांची हकिगत सांगते. या मूळच्या केरळच्या. तमिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉक्टर होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञ व्हायचं त्यांच्या मनात होतं. १९५४ साली मोटार अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. उभं राहून करायचं काम संपलं. त्याच संस्थेत डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करत. ती बसून करता येते. मेरीबाई चाकाच्या खुर्चीतून ती करू लागल्या. पुढे न्यूयॉर्कला जाऊन अपंगांच्या पुनर्वसनाचं वैद्यकशास्त्र शिकल्या आणि वेल्लोरला परतून त्या विभागाच्या प्रमुख झाल्या. १९७२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८६ साली त्या वारल्या.

त्यांची जिद्द मोठी होतीच. पण जिद्दीच्या जोडीला चाकाची खुर्ची होती, शिकवणारे होते आणि परतल्यावर संस्थेत जागा होती. आपल्याला मात्र नुसती जिद्द शिकवली जाते. बाकीचं कुणी द्यायचं?

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जमेल अशा दुसऱ्या पदावर, त्याच पगारावर घ्यावं लागतं. १९९५ च्या कायद्यात हे होतं, २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम २० मध्येही आहे. पण २००५ पासून गावाचं आरोग्य वाहणाऱ्या आशाताईला सरकार कर्मचारी मानतच नाही. ती 'स्वयंसेविका', कामागणिक मोबदला घेणारी. पाय थांबले की मोबदलाही थांबतो.

आणि तिचं ज्ञान? आपल्याच तुळजापूर तालुक्यात, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. आजार ओळखणं, प्रथमोपचार करणं, वेळेवर दवाखान्यात पाठवणं हे बायका शिकल्या. हे ज्ञान गुडघ्यात नसतं. घरोघर फिरणं जमत नसेल, तर तीच बाई गावातल्या एका जागी बसून रक्तदाब तपासू शकते, नव्या मुलींना शिकवू शकते, मार खाऊन आलेल्या बाईचं म्हणणं शांतपणे ऐकून तिला वाट दाखवू शकते. या कामाला अनुभव लागतो आणि तो तिच्याजवळ आहे.

म्हणून दोन गोष्टी करू या. आपलं दुखणं बैठकीत उघड सांगायचं, लाजायचं नाही. आणि प्रत्येक गटाने अशा कार्यकर्त्यांची यादी करायची, कुणाला काय जमतं ते पुढे लिहायचं. ती यादी घेऊन जिल्हा परिषदेत एकत्र जाऊ. कामाचं स्वरूप बदला, मोबदला कमी करू नका, एवढंच मागू. चालवत नसेल तिला आपण गाडीत घालून नेऊ, पण बोलायला तीच पुढे असेल.