माशाचे काटे आणि अंगणातलं शिसं



संयोजकांनी 'परदेशातले अनुभव' असा विषय दिला होता. मी त्यातल्या फक्त एका अंगणाबद्दल बोलणार आहे. मी हिशेब लिहिणारा माणूस, शास्त्रज्ञ नव्हे. चुकलो तर शास्त्राचे सर पहिल्या रांगेत बसलेच आहेत.

2010 साली आम्ही कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात, साउथ प्रेस्कॉट नावाच्या वस्तीत भाड्याने राहत होतो. जवळ बंदर, रेल्वेचे रूळ, महामार्ग. घर जुनं, लाकडी. अंगण आहे म्हणून तर ते पसंत केलं होतं. मुलगी दीड वर्षाची. दिवसभर मातीत, आणि मातीचा हात तोंडात. नेहमीच्या तपासणीत तिच्या रक्तात शिसं निघालं. डॉक्टरांनी औषध लिहून दिलं नाही. "घर किती जुनं आहे?" एवढंच विचारलं.

पूर्वी घरांच्या रंगात शिसं असायचं. अमेरिकेत तो रंग 1978 साली बंद झाला, पण आधी पडलेले पोपडे मातीतच राहिले. शिसंयुक्त पेट्रोलचा धूरही त्याच मातीवर बसलेला. शिसं कुजत नाही, झिजत नाही. शरीर मात्र त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवतं, आणि लहान मुलांच्या मेंदूला ते बाधतं. त्या रात्री बायको आणि मी एकमेकांशी फारसं बोललो नाही.

त्याच सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने आमच्या वस्तीतली माती सुधारायचं काम हाती घेतलं. नेहमीची रीत म्हणजे दूषित माती उकरायची आणि ट्रकने दुसरीकडे नेऊन टाकायची. इथे वेगळं ठरलं. अलास्काकडे पोलॉक नावाचा मासा कापल्यावर जे काटे उरतात, त्यांची भुकटी मातीत मिसळायची. ते ऐकून लोक तोंडं वाकडी करत होते. मला मात्र आई आठवली. लहानपणी मी ताटातले काटे केरात टाकायला निघालो की ती ओरडायची, "खंय टाकतंस? माडाच्या मुळात घाल!"

हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असतं. मातीच्या ओलाव्यात ते थोडं थोडं विरघळतं, फॉस्फेटची शिशाशी गाठ पडते आणि पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज तयार होतं. सर, तुम्ही सिल्व्हर नायट्रेटमध्ये मिठाचं पाणी ओतून पांढरा अवक्षेप दाखवलात, तेव्हा मी खिडकीतून बंदरातल्या होड्या मोजत होतो. तत्त्व तेच. हे खनिज पोटातल्या आम्लातही सहजी विरघळत नाही. त्यामुळे मातीचा कण मुलाच्या पोटात गेलाच, तरी त्यातलं बरंचसं शिसं रक्तात न शिरता बाहेर पडतं.

चहाच्या वेळी कुणीतरी 'मग बांगड्याचे काटे पुरू का?' असं विचारणारच, म्हणून आधीच सांगतो. या उपायाने शिसं मातीतून जात नाही, जागच्या जागी बांधलं जातं; एकूण शिसं मोजलं तर तेवढंच भरेल. भुकटी किती घालायची ते माती तपासून ठरतं. आणि मातीत आर्सेनिक असेल, तर फॉस्फेटमुळे ते उलट सुटं होऊ शकतं.

आमच्या घरमालकाने संमतीच्या कागदावर सही करायला दोन महिने लावले. ते दोन महिने मुलगी खिडकीच्या काचेला नाक लावून अंगणाकडे बघायची. शेवटी 2011 मध्ये माणसं आली, माती भुसभुशीत करून भुकटी मिसळली, वर स्वच्छ मातीचा थर दिला. वासाची सगळ्यांना धास्ती होती. तो जवळजवळ आलाच नाही. मालवणच्या माणसाची, खरं सांगू, थोडी निराशाच झाली.

मुलीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. अंगणामुळे, की आम्ही घरातले पोपडे झाकून फरशी रोज ओल्या फडक्याने पुसायला लागलो म्हणून, ते सांगता येणार नाही. कुणाच्या खात्यावर जमा टाकावं, हे हिशेबनीस असूनही मला अजून ठरवता आलेलं नाही.

ती आज मागच्या रांगेत बसली आहे. काल रात्री घरी बांगडे होते. जेवण झाल्यावर आजीने तिच्या हातात काट्यांचं ताट दिलं आणि मागीलदारी पाठवलं. ती दारातून ओरडून विचारत होती, "कुठला माड?"