शासनविरहित समाजात दुर्बलांचे स्थान
(वणी येथील व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म एका प्राचीन काळाचे वर्णन करतात. तेव्हा राजा नव्हता, दंड नव्हता. धर्माच्या आधारेच प्रजा परस्परांचे रक्षण करीत असे. पुढे मोह आणि लोभ शिरला व राज्यसंस्थेची गरज निर्माण झाली. तेव्हा शासनविरहित समाजाची कल्पना ही केवळ युरोपातील अराज्यवाद्यांची मिरास नव्हे. क्रोपोटकिनने १९०२ मध्ये परस्परसाहाय्याचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला, तो पुष्कळ नंतर.

परंतु एक प्रश्न उरतोच. निसर्ग सर्वांना सारखे बळ, सारखी बुद्धी देत नाही. दंडाचा धाक नसेल तर मोठा मासा लहान माशाला गिळणार नाही कशावरून? साम्यवाद्यांनी सारी सत्ता शासनाच्या हाती देऊन उत्तर शोधले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे काय झाले ते आपण पाहिले.

विनोबाजींना शासनमुक्त समाज अभिप्रेत होता. त्यांच्या सुलभ ग्रामदानात जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांना द्यायचा होता. ग्रामकोषासाठी शेतकऱ्याने उत्पन्नाचा चाळिसावा भाग आणि मजुराने महिन्यातील एका दिवसाची मजुरी द्यायची होती. येथे मजूरही दाता आहे, याचक नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. बहुतेक ग्रामदाने कागदावरच राहिली, हेही मान्य केले पाहिजे. कायदा झाला, मन तयार झाले नाही.

येथून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तेथे १९५१ मध्ये बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन उभे केले. बोटे झडलेल्या हातांनी त्या खडकाळ जमिनीत पीक काढले. समाजाने ज्यांना निरुपयोगी ठरविले होते, त्यांना भिक्षा न देता काम दिले गेले.

आणि ज्याला कोणतेच काम करणे शक्य नाही, त्याचे काय? कमावणाराच खाईल हे सूत्र नाकारून, कमावणारा खाऊ घालील, असे दीनदयाळजींनी म्हटले. आपल्या घरातील अंथरुणाला खिळलेल्या आजीला आपण हिशेब विचारत नाही.

मात्र नैसर्गिक विषमता हा शब्द जपून वापरावा लागतो. जन्माने आलेली उच्चनीचता आपण शतकानुशतके त्याच नावाखाली खपविली. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत तृतीय सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी अस्पृश्यता पूर्णतः अयोग्य ठरवून ती समूळ नष्ट करण्याचे आवाहन केले. ज्यांना पिढ्यानपिढ्या पाटीला हात लावू दिला नाही, त्यांची बुद्धी निसर्गतःच कमी, हे आपण कोणत्या परीक्षेवरून ठरविले होते?